नमुना सात

सटाण्याहून निंबा देवरे एसटीने डबा पाठवतात.
पेढ्यांच्या रिकाम्या डब्यात तपकिरी, चिकट खडे.
माश्या ज्या राळेने पेटीच्या फटी लिंपतात, ती ही.
वर पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी:
"ताई, डाळिंबाच्या बागेत ठेवलेल्या बारा पेट्यांचं आहे.
पेटीत उंदीर मेला तर माश्या त्याला यातच गुंडाळतात,
सडू देत नाहीत.
तुमच्या कामाचं असेल तर बघा."

दुसरा नमुना पेठकडचा, लासू भोयेंचा.
ऐनाच्या ढोलीतल्या, डंख नसलेल्या बारक्या माश्यांचा.
काळा, आंबूस वासाचा,
आणि बाटली कधीच पूर्ण न भरणारा.

गंगापूर रोडला, दुसऱ्या मजल्यावर,
आमचं इन्क्युबेटर सदतीस अंशांवर घुमत असतं.
आत एका बाईच्या स्तनातल्या पेशी.
बाई गेली त्याला माझ्या वयाहून जास्त वर्षं झाली,
पेशींना कुणी कळवलेलं नाही.
दर तिसऱ्या दिवशी मी त्यांना जेवू घालते
आणि दर पंधरवड्याला मारायचा प्रयत्न करते.

प्लेटमध्ये शहाण्णव खळगे.
प्रत्येकात अर्काचा थेंब, बहात्तर तास,
मग पिवळा रंग.
जिवंत पेशी त्या पिवळ्याचं जांभळं करते,
काळ्या द्राक्षाचं साल चुरडल्यासारखं.
मेलेली काहीच करत नाही.
म्हणून या खोलीत
जे पिवळं राहिलं त्याचा आनंद.

नमुना सात: अख्खी ओळ पिवळी.
सरांनी चष्मा कपाळावर चढवला,
पुन्हा खाली घेतला, पुन्हा बघितलं.

काचसामान धुणारे पंडितकाका तिडमे
अकरा वर्षांत रंग वाचायला शिकलेत.
दर एकवीस दिवसांनी ते सुट्टी घेतात,
कमळकाकूंना मुंबई नाक्याला घेऊन जातात.
सगळे जेवायला गेल्यावर म्हणाले,
"एवढीशी बाटली द्या. मधातून देईन."

मी म्हटलं, काका, काचेतलं मरण वेगळं.
काचेत तर त्या साबणानेही मरतात.
"साबण दुकानात मिळतो," ते म्हणाले,
आणि चंचुपात्र उजेडाकडे धरून
नसलेला डाग शोधत राहिले.

मग निरोगी पेशींवर लावून पाहिलं.
त्याही पिवळ्या.
नमुना मोठ्या यंत्राकडे पाठवला.
नऊ दिवसांनी आलेख आला,
आणि जिथे सपाट रेघ हवी
तिथे एक सुळका.

औषध सापडलं.
म्हणजे शेतात ज्याला औषध म्हणतात ते,
डाळिंबावर मारायचं, पंपाने, तोंडाला फडकं बांधून.
माश्यांनी ते पायांवर आणलं
आणि घराच्या भिंतींत लिंपलं,
मेलेला उंदीर लिंपतात तसं.

निंबाभाऊंना फोन केला.
बराच वेळ पलीकडे नुसता वारा.
मग म्हणाले, "तरीच."
"तरीच काय?"
"बारातल्या सात पेट्याच उरल्यात, ताई.
मला वाटलं, माझंच काही चुकलं."

वहीत सातसमोर मी लाल रेघ मारली.
लासूभाऊंचा काळा नमुना
जांभळ्याला थोडं फिकट करतो, एवढंच.
तीनदा केलं, तीनदा तेवढंच.
निरोगी पेशींना मात्र फारसा हात लावत नाही.
त्याच्यापुढे लिहिलं: पुन्हा करणे.

काकांना सांगायला शब्द जुळवत होते,
त्यांनी बर्फाची बादली टेबलावर ठेवली.
त्यांना कळलं होतं. सरांच्या खोलीतल्या कपबश्याही तेच उचलतात.
"आज कुठला लावताय?"
"पेठचा."
"काळा?"
"हो."
"म्हणजे बुधवारी रंग."
बोटांवर मोजून म्हणाले,
"बुधवारी मी नाही."

मी पहिला थेंब सोडणार, तेवढ्यात
त्यांनी दार ओढून घेतलं आणि दिवा मालवला,
कारण हा अर्क उजेडात टिकत नाही
हे त्यांना माझ्याआधीपासून माहीत आहे.